मुरडीचे रँग्लर

कोकणात दापोलीजवळील मुरडी या लहानशा गावी १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. आप्त असलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी या मुलाची बुद्धी वेळीच ओळखली आणि शिक्षणासाठी त्याला मुंबईस आपल्याजवळ ठेवून घेतले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून, सरकारी शिष्यवृत्तीच्या बळावर परांजपे १८९६ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले.

१५११ साली स्थापन झालेल्या त्या कॉलेजातील जीवन जुन्या रीतींनी बांधलेले होते. विद्यार्थी काळा झगा घालून भोजनगृहात एकत्र जेवत, रात्री ठरल्या वेळी दरवाजे बंद होत, नदीवर नौकांच्या शर्यती रंगत. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा निकाल सेनेट हाउसमध्ये गुणानुक्रमे मोठ्याने वाचला जाई. पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर. वाद घालणारा हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. पूर्वी ही परीक्षा तोंडी वादविवादाने होत असे. यादीत अगदी शेवटी येणाऱ्यास सवंगडी थट्टेने भलामोठा लाकडी चमचा देत.

१८९९ साली पहिला क्रमांक पेम्ब्रोक कॉलेजचे जॉर्ज बर्टविसल आणि परांजपे यांना विभागून मिळाला. सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. १९०१ मध्ये सेंट जॉन्सने त्यांना फेलो निवडले. विलायतेत मानाचे स्थान मिळाले होते. परंतु डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या सेवेचा शब्द त्यांनी दिलेला होता. तो पाळून ते परतले आणि १९०२ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, अल्प वेतनावर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

हे पद सोपे नव्हते. १९०५ मध्ये विदेशी कापडाची होळी केल्याबद्दल त्यांनी विनायक दामोदर सावरकर यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. लोकमान्य टिळकांनी त्यावर कठोर टीका केली. शिस्त आणि देशप्रेम यांच्या त्या ताणात परांजपे लोकप्रियतेच्या बाजूने झुकले नाहीत. तो निर्णय मात्र त्यांच्या नावाला कायमचा चिकटला.

केंब्रिजने १९०९ नंतर गुणानुक्रमे यादी वाचण्याची प्रथा बंद केली. परांजपे पुढे मंत्री झाले, लखनौ व पुणे विद्यापीठांचे कुलगुरू झाले आणि १९६६ साली निवर्तले. महाराष्ट्राने मात्र त्यांना अखेरपर्यंत रँग्लर परांजपे म्हणूनच ओळखले. ती पदवी त्यांच्या बुद्धीने मिळवली होती. तिचा लाभ पुण्यातील विद्यार्थ्यांना झाला, तो दिलेल्या शब्दामुळे.