फेसबुकच्या आधी नात्यांचं जाळं मांडणाऱ्या इरावती कर्वे

त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, मध्ये बरोबरचं चिन्ह असलं की लग्न. मित्रयादीचे ठिपके-रेघांचे नकाशे आज सोशल मीडियावर दिसतात, पण मानववंशशास्त्रज्ञ नाती अशी खुणांनी कधीपासूनच मांडतायत. महाराष्ट्रात या विषयातलं मोठं नाव इरावती कर्वे.

जन्म 1905 चा, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या नदीवरून. मुंबईत घुर्ये यांच्याकडे एम.ए. करताना त्यांनी विषय घेतला चित्पावनांचा, म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या आपल्याच समाजाचा. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या या माणसाने सुनेच्या जर्मनीला जाण्याला मात्र विरोध केला!

त्या गेल्याच. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. कवटीच्या ठेवणीवरून गोरा वंश वरचढ ठरतो, असं त्यांचं म्हणणं. इरावतींनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा तसा काही संबंध दिसत नाही, असं प्रबंधात लिहून टाकलं. मार्गदर्शकाच्या विरोधात जायला हिंमत लागते.

1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. 1953 च्या पुस्तकात त्यांनी भारतभरची नाती मांडली. उत्तरेत मुलगी अनोळखी घरात जाते, दक्षिणेत बऱ्याचदा मामाच्या किंवा आत्याच्या. महाराष्ट्र मधला : इथे मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा नाही.

हीच नजर त्यांनी महाभारताकडे वळवली. त्या ‘युगान्त’ला 1968 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी त्या गेल्या.