मगनवाडीचा हिशेबनीस

सेमिनारला बायोडिझेल हा विषय मिळाला तेव्हा मी परदेशातली माहिती गोळा करत बसलो होतो. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे वाचून भारी वाटलं. पण आपल्याच वर्ध्याच्या मगनवाडीत रॉकेलला पर्याय म्हणून बियांच्या तेलावर काम झालं होतं, याचा मला पत्ताच नव्हता! त्या कामामागचा माणूस म्हणजे जे. सी. कुमारप्पा.

गंमत म्हणजे कुमारप्पा ना केमिस्ट, ना इंजिनिअर. जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावरचा. लंडनला अकाउंटन्सी शिकून त्यांनी मुंबईत स्वतःची फर्म काढली. पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकले. कोलंबियात सरकारी जमाखर्च आणि हिंदुस्थानची गरिबी यांचा संबंध तपासताना परकी राज्य देशाला कसं पोखरतंय, ते त्यांना आकड्यांत दिसलं. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि सुटाबुटातला ऑडिटर खादीत आला.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग दिली. मगनलाल गांधींच्या नावावरून तिचं नाव पडलं मगनवाडी, आणि सचिव झाले कुमारप्पा. तेलघाणी, हातकागद, मधमाशा, ताडगूळ, कंपोस्ट अशी कामं तिथं चालत. आज आपण ज्याला बायोटेक्नॉलॉजी म्हणतो तिचा ओनामाच म्हणा ना! नीरेत यीस्ट शिरलं की तिची ताडी होते, म्हणून गूळ करायचा तर मडक्याला आतून चुना लावून आंबणं थोपवायचं. कंपोस्टात मात्र त्याच जीवजंतूंना राबवून घ्यायचं.

आणि मगनदीप. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा हा दिवा मगनवाडीत तयार झाला. ऐकायला सोपं, पण अडचण तीच जी आपल्याला इंजिनात येते. बियांचं तेल घट्ट. त्याची व्हिस्कॉसिटी डिझेलच्या दहा पट तरी भरते. रॉकेल वातीतून भराभर चढतं, हे चढत नाही. आपण मिथेनॉल वापरून ट्रान्सएस्टरिफिकेशन करतो आणि तेल पातळ करून इंजिनाला चालवतो. त्यांनी तेल आहे तसं ठेवलं आणि दिवाच त्याला साजेसा केला.

पण एवढा खटाटोप कशासाठी? इथं त्यांच्यातला हिशेबनीस बोलतो. कोळसा आणि खनिज तेल ही साठ्याची संपत्ती. वापराल तेवढी कमी होणार, आणि साठा संपत आला की देश एकमेकांच्या उरावर बसणार. झाडं, पिकं, वाहतं पाणी ही दरवर्षी नव्यानं येणारी आवक. तिच्यावर भागवलं तर भांडणाचं कारणच कमी. आपल्या भाषेत, बापाची एफडी मोडून मेसचं बिल भरायचं की महिन्याच्या पैशात भागवायचं? हे सगळं त्यांनी जबलपूरच्या तुरुंगात बसून लिहिलं. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेलं ते पुस्तक म्हणजे 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स'.

मगनदीप काही घरोघरी पोहोचला नाही. रॉकेल टिकलं, मग वीज आली. स्वतः कुमारप्पा १९५० नंतर काही वर्षं आपल्याच जिल्ह्यातल्या सेलडोहला राहिले, मग तमिळनाडूत गेले. ३० जानेवारी १९६० ला, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ते वारले.

दिवा विझला असेल, हिशेब मात्र संपलेला नाही. २०२५ मध्ये आपल्या देशानं पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य गाठलं. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यातलं बरंचसं इथेनॉल ऊस, मका आणि तांदळापासून येतं. मलबारात भाताच्या जमिनीवर साबणासाठी नारळ लावलेले पाहून कुमारप्पा अस्वस्थ झाले होते. आधी माणसाचं पोट, मग कारखाना, हा त्यांचा क्रम. टाकीसाठी ताटातलं घ्यायचं का, हा प्रश्न त्यांनी आपल्यालाही विचारलाच असता.

माझ्या सेमिनारमध्ये एफिशियन्सीचे आलेख होते, पण जमीन किती लागेल, पाणी किती लागेल, हा तक्ता नव्हता. तो मी नंतर घातला. मार्क वाढले नाहीत, विषय मात्र तेव्हा कुठे कळला. १९३८ मध्ये गांधीजींनी उद्घाटन केलेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. एखाद्या रविवारी पिक्चरऐवजी तिकडे चक्कर मारा.