अपेंडिक्ससारखं दुखणं, पण आजार वेगळाच! ‘व्हॅलेंटिनो सिंड्रोम’ म्हणजे काय?

मूकपटांच्या जमान्यातील हॉलिवूड स्टार रुडॉल्फ व्हॅलेंटिनो याचं नाव आजही डॉक्टरांच्या तोंडी असतं. सिनेमामुळे नाही, तर त्याच्या शेवटच्या आजारपणामुळे.

कोण होता व्हॅलेंटिनो?
१८९५ मध्ये इटलीत जन्म. १९१३ मध्ये न्यूयॉर्क गाठलं. पडेल ती कामं केली, पैशांसाठी डान्स केला. १९२१ च्या ‘द शेख’ने त्याला सुपरस्टार केलं.

नेमकं काय झालं?
१५ ऑगस्ट १९२६ ला न्यूयॉर्कच्या हॉटेलात तो कोसळला. लक्षणं अपेंडिक्सची वाटत होती. तातडीने ऑपरेशन झालं, तेव्हा जठरातला अल्सर फुटल्याचं दिसलं. मधले काही दिवस तो सावरतोय असं वाटलं. पण पोटात संसर्ग झाला होता. मग फुफ्फुसाच्या आवरणालाही सूज आली. २३ ऑगस्टला, अवघ्या ३१ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दोन वर्षं होती.

दुखणं उजवीकडेच का?
फुटलेल्या अल्सरमधून गळणारा आम्लयुक्त द्रव उजव्या बाजूने खाली उतरतो आणि अपेंडिक्सजवळ साचतो. त्यामुळे तिथेच दुखतं. हाच ‘व्हॅलेंटिनो सिंड्रोम’. तो दुर्मीळ आहे, मात्र वेळेत ओळखला नाही तर जिवावर बेततो.

काय लक्षात ठेवाल?
अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर बरं वाटू लागलं आणि पुन्हा ताप आला, पोट फुगलं किंवा दुखणं वाढलं, तर घरी थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.