साताऱ्याचे कूपर आणि बहुमत नसलेले मंत्रिमंडळ

अंबडच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलांमध्ये मध्यंतरी वाद झाला. मुंबई प्रांताचे पहिले मुख्यप्रधान कोण? एक म्हणाला, बाळासाहेब खेर. दुसऱ्याने आपले पुस्तक उघडून दाखवले, त्यात धनजीशा कूपर असे छापलेले. हा कूपर कोण, कुठला, त्याला कोणी निवडून दिले, हे कोणालाच सांगता येईना. उत्तर पाठ करून मुले पुढच्या प्रश्नाकडे वळली. एक गुण मिळवण्यापुरते ते ठीक आहे. पण या एका नावामागे जो इतिहास आहे तो आंबेडकरी समाजातल्या प्रत्येक तरुणाने समजून घेतला पाहिजे. बहुमत पाठीशी नसताना सरकार कसे बनवतात, त्यात कोणाला बसवतात आणि कोणाला बाहेर ठेवतात, याचा पहिला धडा मुंबई प्रांताने १९३७ साली गिरवला. त्या धड्याचे नाव कूपर.

धनजीशा बोमनजी कूपर यांचा जन्म १८७८ सालचा. जातीने, म्हणजे धर्माने, पारशी. मुंबईचे श्रीमंत पारशी जहाजे, गिरण्या आणि बँका चालवत होते. कूपर मात्र साताऱ्याचे. सातारा म्हणजे सत्यशोधक चळवळीचा बालेकिल्ला. महात्मा फुल्यांचे मूळ गाव कटगुण याच जिल्ह्यातले. भटशाही आणि सावकारशाहीविरुद्ध सातारच्या शेतकऱ्याने जेवढा संघर्ष केला तेवढा क्वचितच दुसऱ्या जिल्ह्याने केला असेल. आणि हेच सातारा बाबासाहेबांच्या बालपणाचेही गाव. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. माता भीमाबाईंची समाधी तिथेच आहे. म्हणजे ज्या गावात हा पारशी तरुण नशीब काढू पाहत होता, त्याच गावात तेरा वर्षांनी लहान असलेला एक मुलगा गोणपाटावर बसून शिकत होता. एकाच गावातून दोन वाटा निघाल्या. त्या कुठे गेल्या ते पुढे पाहू.

कूपर यांचे मोठे काम उद्योगातले आहे आणि ते प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९२२ साली त्यांनी साताऱ्याजवळ पाडळी येथे, सातारा रोड रेल्वे स्टेशनलगत, कारखाना उभारला. तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लाकडी नांगराने जमीन खरवडणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती लोखंडी फाळ आला. पुढे याच कारखान्याने डिझेल इंजिने बनवली. नंतर तो वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे गेला, तरी कूपर नावाचा उद्योग साताऱ्यात आजही चालू आहे.

या कारखान्याच्या उभारणीत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे मोठे श्रम आहेत. भाऊराव आधी किर्लोस्करांचे नांगर गावोगाव खपवत होते, मग ते कूपर यांच्याबरोबर आले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली होती आणि कारखान्याच्या नफ्यातून बहुजनांच्या मुलांच्या शिक्षणाला पैसा मिळावा अशी त्यांची अपेक्षा होती. ती अपेक्षा पुरी झाली नाही. दोघांचे बिनसले आणि भाऊराव बाहेर पडले. कूपर यांच्या सगळ्या सार्वजनिक जीवनाची ही जणू नांदी होती. बहुजनांच्या श्रमावर आणि पाठिंब्यावर ते मोठे झाले, पण वाटणीची वेळ आली तेव्हा बहुजन ताटकळत राहिले.

राजकारणात कूपर ब्राह्मणेतर पक्षाचे. पारशी माणूस ब्राह्मणेतर पक्षाचा पुढारी कसा, असे आज कोणाला वाटेल. पण त्या पक्षात मराठा, माळी, जैन, लिंगायत असे अनेक समाज होते आणि पक्षाला पैशाची व सरकारदरबारी वजनाची गरज होती. कूपर यांच्याकडे दोन्ही होते. स्थानिक संस्थांपासून प्रांताच्या कायदेमंडळापर्यंत ते चढत गेले. इंग्रज सरकारने त्यांना सर हा किताब दिला.

पण या पक्षाचे दुखणे वेगळे होते. १९२३ साली सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर करून घेतला. कागदावर तो मंजूर झाला, प्रत्यक्ष पाणी मात्र चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करूनच घ्यावे लागले. ब्राह्मणेतरांच्या पुढाऱ्यांना खुर्ची मिळाली की फुल्यांचा शेवटचा माणूस, म्हणजे महार, मांग, चांभार, त्यांच्या यादीतून गळून जाई. तिसाव्या दशकात केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी काँग्रेसमध्ये गेले. ब्राह्मणेतर पक्षाचा जनाधार त्यांच्याबरोबर गेला. मागे राहिले ते किताब आणि पदे असलेले पुढारी. कूपर त्यांतले अग्रणी.

आता १९३७ सालाकडे येऊ. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली. मुंबईच्या विधानसभेत १७५ जागा. पुणे कराराप्रमाणे त्यात अस्पृश्यांसाठी १५ राखीव, शिवाय मराठ्यांसाठीही ७ राखीव. निवडणुकीत काँग्रेस निम्म्याच्या उंबरठ्यावर पोहोचली आणि सर्वात मोठा पक्ष ठरली. बाबासाहेबांनी १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने सतरा उमेदवार उभे केले आणि त्यातले चौदा निवडून आले. पक्ष अवघा सहा महिन्यांचा, खिशात पैसा नाही, प्रस्थापितांची वर्तमानपत्रे विरोधात, तरी हे यश! स्वतः बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, आर. आर. भोळे यांच्याबरोबर अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांच्यासारखे स्पृश्य समाजातले कार्यकर्तेही या पक्षाकडून विधानसभेत गेले.

पण काँग्रेसने सरकार बनवायला नकार दिला. गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाही असे आश्वासन तिला आधी हवे होते, ते मिळेना. १ एप्रिल १९३७ पासून नवा कायदा लागू होणार होता आणि मंत्री तर हवेच होते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी कूपर यांना बोलावले आणि कूपर यांनी मंत्रिमंडळ बनवले. त्यांच्या पाठीशी बहुमत नव्हते, तशी आशाही नव्हती. त्यांच्या खुर्चीला आधार होता तो गव्हर्नरच्या मर्जीचा.

या मंत्रिमंडळाची घडण बारकाईने पाहा. अवघे चार मंत्री. मुख्यप्रधान कूपर, पारशी, ब्राह्मणेतर पक्षाचे उरलेले पुढारी. अर्थ आणि महसूल खाते जमनादास मेहता यांच्याकडे. ते मुंबईचे बॅरिस्टर, गुजराती, काँग्रेसपासून दूर झालेल्या लोकशाही स्वराज्य पक्षाचे. सर सिद्दप्पा कांबळी हे धारवाडकडचे लिंगायत पुढारी, त्यांच्याकडे शिक्षण. आणि चौथे मुंबईचे हुसेनअली रहिमतुल्ला, मुसलमान. म्हणजे पारशी एक, गुजराती एक, कर्नाटकी लिंगायत एक, मुसलमान एक. प्रांताचे सगळे रंग दाखवण्याची खटपट दिसते. पण ज्या मराठी शेतकऱ्याच्या नावाने ब्राह्मणेतर पक्ष उभा राहिला त्याचा त्यात एकही प्रतिनिधी नाही. आणि अस्पृश्य? पंधरा राखीव जागा असलेल्या प्रांतात, नव्या पक्षाचे चौदा आमदार निवडून आलेले असताना, त्या चौघांत एकही अस्पृश्य नव्हता.

हे असेच होणार होते, दुसरा मार्ग नव्हता, असे कोणी म्हणेल तर त्याने मद्रासकडे पाहावे. तिथेही काँग्रेसने नकार दिल्यावर कूर्म वेंकट रेड्डी नायडू यांचे असेच अल्पमतातले मंत्रिमंडळ आले आणि त्यात एम. सी. राजा या अस्पृश्य पुढाऱ्यांना मंत्रिपद मिळाले. संयुक्त प्रांतात छत्तारीचे नवाब, बिहारमध्ये महंमद युनूस, मध्य प्रांत-वऱ्हाडात राघवेंद्र राव, सगळीकडे हाच प्रयोग झाला. हे सगळे मंत्री गव्हर्नरांनी आणलेले पाहुणे होते. घरमालक दाराशी येताच त्यांना उठावे लागणार होते.

आणि ते उठले. जून महिन्यात व्हाइसरॉयने खुलासा केला, जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याला काँग्रेसच्या कार्यकारिणीने सत्ता घेण्याचे ठरवले आणि १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेब खेर मुख्यप्रधान झाले. कूपर यांचे राज्य साडेतीन महिन्यांचे. विधानसभेपुढे विश्वासाची परीक्षा त्यांनी दिलीच नाही. एक विधेयक नाही, एक मतदान नाही. प्रांताचे पहिले मुख्यप्रधान या मानाखेरीज त्या मंत्रिमंडळाने मागे काही ठेवले नाही.

मग बहुमताचे सरकार आले तेव्हा आपल्याला न्याय मिळाला का? खेर, मुन्शी, लठ्ठे, मोरारजी देसाई, गिल्डर, नुरी, पाटील, अशी सात मंत्र्यांची यादी झाली. एके काळचे ब्राह्मणेतर पुढारी अण्णासाहेब लठ्ठे त्यात होते. अस्पृश्य त्यातही एकही नव्हता! कूपर यांच्याकडे बहुमत नव्हते म्हणून आम्ही बाहेर, खेर यांच्याकडे होते तरी आम्ही बाहेर. मध्य प्रांतात तर आणखी विपरीत घडले. १९३८ च्या जुलैत डॉ. ना. भा. खरे यांनी मंत्रिमंडळ नव्याने बनवताना अग्निभोज या अस्पृश्य आमदाराला मंत्री केले. काँग्रेसश्रेष्ठींनी ते मंत्रिमंडळच उलथवले आणि नंतरच्या शुक्ल मंत्रिमंडळात अग्निभोज दिसले नाहीत. बाबासाहेबांनी हा प्रकार आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. मुंबईत अस्पृश्य समाजाचा मंत्री व्हायला १९४६ साल उजाडावे लागले, आणि तोही काँग्रेसचा.

पण बाबासाहेब त्या काळात काय करत होते? ते विरोधी बाकांवर बसले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले कुळवाडी शेतकरी त्यांच्या नेतृत्वाखाली विधिमंडळावर चालून गेले. त्यात महार होते तसे कुणबीही होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारविरोधी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत प्रचंड संप झाला. खोतीचे विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही, तरी खोती १९४९ च्या कायद्याने गेलीच. महार वतनाचा प्रश्न त्यांनी त्याच सभागृहात लावून धरला, तो १९५८ च्या कायद्याने सुटला. हाती मंत्रिपद नसलेल्या चौदा आमदारांच्या पक्षाने महाराष्ट्राच्या कष्टकऱ्यांचा कार्यक्रम लिहून ठेवला. गव्हर्नरच्या चार मंत्र्यांकडून ते झाले नाही.

कूपर पुढे मागे पडले. त्यांच्याच सातारा जिल्ह्यात १९४२ नंतर नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. सत्यशोधकी संस्कारात वाढलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी ते चालवले. गव्हर्नरने नेमलेल्या साताऱ्याच्या मुख्यप्रधानाचे सरकार साडेतीन महिन्यांत गेले, आणि गव्हर्नर ज्याला पकडू पाहत होता त्या सरकारचा हुकूम गावागावांत काही वर्षे चालला. कूपर २९ जुलै १९४७ रोजी वारले. स्वातंत्र्य सतरा दिवसांवर आले होते. ते आले तेव्हा साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेला मुलगा देशाचा कायदामंत्री झाला होता. त्याही मंत्रिमंडळात बाबासाहेबांच्या पाठीशी आमदार-खासदारांचे बहुमत नव्हतेच. पण हिंदू कोड बिल अडले तेव्हा १९५१ साली ते राजीनामा देऊन बाहेर पडले. खुर्ची सोडता येते तोच खुर्चीत बसायला लायक, हे त्यांनी कृतीने शिकवले.

आमच्या अंबडला १९३७ साली यातले काहीच नव्हते. आम्ही निजामाच्या राज्यात होतो, मंत्री निवडायचा प्रश्नच नव्हता. मताचा अधिकार, बाबासाहेबांच्या संविधानाने, नंतर आला. आणि आज? २०१४ साली २८८ पैकी १२२ जागांचे सरकार आवाजी मतदानाने तरले. २०१९ च्या नोव्हेंबरात भल्या सकाळी शपथ घेतलेले सरकार चौथ्या दिवशी गेले. बहुमत नसताना राजभवनाच्या दारातून सत्तेत शिरण्याची वाट कूपर यांच्यापासून चालू आहे.

अशा प्रत्येक वेळी आकडे जुळवणारे आपल्या दारात येतात. विधानसभेत येतात तसे नगरपालिकेत आणि पंचायत समितीतही येतात. एक-दोन मते हवी असतात, बदल्यात एखादे पद दाखवले जाते. बांधवांनो, तेव्हा दोन प्रश्न विचारा. ही खुर्ची कोणाच्या मर्जीवर उभी आहे? आणि तीत बसून आपले कोणते विधेयक मंजूर होणार आहे? उत्तर मिळाले नाही, तर विरोधी बाकावर बसायला लाजू नका. त्या बाकावर बाबासाहेब बसले होते.

अभ्यासिकेतल्या मुलांनो, उत्तर धनजीशा कूपर असेच लिहा, गुण मिळेल. पण १९३७ साल वाचाल तेव्हा त्या चार नावांच्या यादीत कोण नाही, तेही वाचा.