नेपोलियनची पदके घडविणारे व्हिवाँ दनों

पॅरिसच्या जगप्रसिद्ध लूव्हर संग्रहालयाच्या एका भागाला दोमिनिक व्हिवाँ दनों यांचे नाव आहे. चित्रकार, प्रवासवर्णनकार आणि संग्रहालयाचे संचालक म्हणून ते ओळखले जातात. मात्र नेपोलियनच्या सत्तेची प्रतिमा धातूवर उमटविणारेही तेच होते.

दनों यांचा जन्म ४ जानेवारी १७४७ रोजी बर्गंडी प्रांतातील जिव्री येथे झाला. तरुण वयातच त्यांनी पंधराव्या लुईच्या दरबारात प्रवेश मिळविला. मादाम द पाँपादूर यांच्या कोरीव रत्नांच्या आणि पदकांच्या संग्रहाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. पुढे सेंट पीटर्सबर्ग व नेपल्स येथे त्यांनी राजनैतिक सेवा केली. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांचे नाव देशत्याग केलेल्यांच्या यादीत गेले. परंतु १७९३ मध्ये मायदेशी परतल्यावर चित्रकार जाक-लुई दाविद यांच्या आश्रयामुळे ते बचावले.

१७९८ मध्ये, पन्नाशी उलटल्यानंतर, दनों नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत सहभागी झाले. या प्रवासावरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८०२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांची संग्रहालयांचे महासंचालक म्हणून नियुक्ती झाली आणि पदकांच्या टांकसाळीचा कारभारही त्यांच्या हाती आला.

विजयांची नोंद पदकांवर करण्याची प्रथा चौदाव्या लुईने फ्रान्समध्ये रुजविली होती. दनों यांनी तिला प्राचीन रोमची शैली दिली. विषय कोणता घ्यावा, चित्र कोणी काढावे, साचा कोणी कोरावा, हे ते स्वतः ठरवीत. त्यांच्या देखरेखीचा उल्लेख अनेक पदकांवर बारीक अक्षरांत आढळतो. १८०४ च्या राज्याभिषेक पदकाच्या दर्शनी बाजूस रोमन सम्राटाप्रमाणे पानांचा मुकुट धारण केलेला नेपोलियन आहे. मागील बाजूस सिनेटचा सदस्य आणि सैनिक यांनी त्याला ढालीवर उचलून धरले आहे. तलवारीच्या बळावर मिळविलेली सत्ता सिनेट आणि जनतेनेच बहाल केली, असा या चित्राचा अर्थ होता.

इंग्लंडवरील नियोजित स्वारीसाठी तयार झालेले पदक तर घटनेच्याही पुढे गेले. त्यावर हर्क्युलिस अर्धमानवी सागरी प्राण्याला चिरडताना दाखविला असून, हे पदक १८०४ मध्ये लंडन येथे पाडल्याचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात फ्रेंच सैन्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर कधीच उतरले नाही. ऑक्टोबर १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या युद्धात फ्रान्सच्या आरमाराचा पराभव झाला. न घडलेल्या विजयाची साक्ष मात्र धातूवर कायम राहिली.

शत्रूकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूने मढविलेला व्हाँदोम चौकातील स्तंभही दनों यांच्याच देखरेखीखाली १८१० मध्ये पूर्ण झाला. १८१४ मध्ये त्याच्या शिखरावरील नेपोलियनचा पुतळा उतरविण्यात आला आणि १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनने संपूर्ण स्तंभच पाडला. नंतर तो पुन्हा उभारण्यात आला. हातोहाती पसरलेली पदके मात्र अशी परत घेणे कोणत्याही राजवटीला शक्य नव्हते.

नेपोलियनच्या पाडावानंतर, युद्धांत आणलेल्या कलाकृती मूळ देशांना परत द्याव्या लागल्या. दनों यांनी त्याला विरोध केला आणि १८१५ मध्ये पद सोडले. २७ एप्रिल १८२५ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांची पदके आज काय घडले याइतकीच, सत्तेला काय घडल्याचे भासवायचे होते, याचीही साक्ष देतात.