मीराबेनची कुटी

इंजिनीअर्स डे आला की सर विश्वेश्वरय्यांवर लेख ठरलेलाच. यंदा मी अशा एका बाईंबद्दल लिहिते आहे ज्यांच्याकडे इंजिनीअरिंगची डिग्री नव्हती, पण त्यांनी बांधलेलं घर नव्वद वर्षं होत आली तरी उभं आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.)

मॅडेलिन स्लेड यांचा जन्म १८९२ चा, इंग्लंडमधला. वडील ब्रिटिश नौदलात मोठे अधिकारी. मॅडेलिनना वेड होतं बीथोव्हनच्या संगीताचं. त्या वेडापायी त्या फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांना भेटल्या आणि त्यांच्याकडून गांधीजींचं नाव कळलं. रोलाँनी लिहिलेलं गांधीचरित्र वाचलं आणि भारतात यायचं पक्कं केलं. पण लगेच बॅग भरून निघाल्या नाहीत. वर्षभर जमिनीवर झोपून, शाकाहारी जेवून, सूत कातून तयारी केली. ७ नोव्हेंबर १९२५ ला त्या साबरमतीला पोचल्या. गांधीजींनी त्यांचं नाव मीरा ठेवलं.

पुढे वर्ध्याजवळ सिंदी गावात सफाईचं काम करून त्या शेगावला राहायला गेल्या. तेच आजचं सेवाग्राम. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजीही तिथे आले. घर बांधण्याआधीच त्यांची अट होती : सामान आसपास मिळेल तेच आणि कारागीर गावातलेच. मीराबेननं स्वतःची कुटीही तशीच बांधली. माती, बांबू, लाकूड, वर कवेलू. भिंतीवर मातीचीच ताडाची झाडं आणि चरखा. नंतर गांधीजी याच कुटीत राहायला आले. आपण ट्रिपला गेल्यावर पाहतो ती बापूकुटी ही.

आता सिव्हिलच्या नजरेनं बघा. सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवतात. एक टन क्लिंकर तयार होताना नुसत्या चुनखडीतूनच अर्धा टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, कोळशाचा धूर वेगळाच. म्हणजे घरात पहिला पंखा लागायच्या आधीच एवढा कार्बन हवेत गेलेला असतो. यालाच एम्बॉडीड कार्बन म्हणतात. हा शब्दही नसताना मीराबेननं तो जवळजवळ शून्यावर आणला होता.

पारशिवनीला आमचं घरही मातीचंच. आजी दिवाळीआधी भिंती पोतारते. बाबांना ते पाडून स्लॅबचं घर बांधायचं आहे आणि नकाशा मी काढावा असं ते म्हणतात. पावसाळ्यात गळतं, कवेलू फेरणारा माणूस मिळत नाही. बाबांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. पण सेवाग्राम पाहून आल्यापासून माझी पेन्सिल काही पुढे सरकत नाही.

१९४२ मध्ये मीराबेनना गांधीजींबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवलं. स्वातंत्र्यानंतर त्या हिमालयात राहिल्या. तिथली बांजाची जंगलं जाऊन चीड वाढते आहे, माती धुपते आहे, हे त्यांनी १९५० च्या दशकातच लिहून सांगितलं. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९५९ मध्ये त्या भारत सोडून गेल्या आणि पुढे ऑस्ट्रियात राहिल्या. त्यांना पद्मविभूषण मिळालं, १९८२ च्या जुलैमध्ये त्या गेल्या.

सेवाग्रामची ती अट म्हणजे एक छोटासा बिल्डिंग कोडच होता. आपल्याकडे मातीच्या घरांच्या भूकंपसुरक्षेसाठी १९९३ पासून आय.एस. १३८२७ आहे, पण आम्हा मुलांपैकी किती जणांनी तो उघडला? २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्यानं इमारतींच्या संहितेत शाश्वततेचा विचारही आणला. मानकांचे मसुदे पक्के होण्याआधी लोकांच्या सूचनांसाठी खुले असतात. सूचना कोण पाठवतं? कंपन्या पाठवतात. पारशिवनीच्या आजीचा अनुभव तिथे पोचवायचा तर तो आपल्यालाच लिहावा लागेल.

मी बाबांना सांगितलंय, आधी जुन्या भिंती तपासू. मजबूत असतील त्या ठेवू, नव्या राखेच्या विटांच्या बांधू, स्लॅब लागेल तेवढाच टाकू. बाबा अजून हो म्हणाले नाहीत. पण नाही पण म्हणाले नाहीत!