पत्त्यांच्या दैवाला गणिताची मोजपट्टी लावणारे जेरोलामो कार्दानो

पोकर या खेळाचा 'टेक्सास होल्डेम' हा प्रकार आज जगभर खेळला जातो. त्यात प्रत्येक खेळाडूला प्रथम दोनच पत्ते मिळतात आणि ते इतरांना दिसत नाहीत. नंतर मांडले जाणारे पाच पत्ते सर्वांसाठी सामाईक असतात. त्यामुळे हातातील दोन पत्ते पाहून डावात राहायचे की पत्ते टाकून द्यायचे, हा पहिलाच निर्णय सर्वांत महत्त्वाचा ठरतो. बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांतील सहा जोड्या दोन एक्क्यांच्या, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा येणाऱ्या. एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध हे दोन एक्के शंभरातील सुमारे ८५ वेळा जिंकतात. समोर नऊ जण शेवटपर्यंत टिकून राहिले, तर हेच प्रमाण तिसाच्या आसपास येते. भिन्न रंगांची सत्ती आणि दुर्री हा हात सर्वसाधारणपणे सर्वांत दुबळा समजला जातो.

अशी मोजदाद आता संगणक क्षणात करतो. परंतु हातातील पत्त्यांचे बळ मोजता येते, ही कल्पनाच ज्या काळी नवी होती, त्या काळी तिचा पाठपुरावा करणारे गृहस्थ इटलीतील एक वैद्य होते. जेरोलामो कार्दानो हे त्यांचे नाव.

कार्दानो यांचा जन्म २४ सप्टेंबर १५०१ रोजी पाविया येथे झाला. वडील फाझिओ हे मिलानमधील कायदेपंडित असून भूमितीचेही जाणकार होते; लिओनार्दो दा विंची यांच्याशी त्यांचा परिचय होता. जेरोलामो यांच्या जन्माच्या वेळी आईवडिलांचा विवाह झालेला नव्हता. हा शिक्का पुढे अनेक वर्षे त्यांच्या मार्गात आडवा आला. पाविया व पादुआ येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि पदवी मिळवली. दरम्यान १५२४ मध्ये वडिलांचे निधन झाले. हाती आलेली तुटपुंजी मिळकत लवकरच संपली आणि तरुण कार्दानो फासे, पत्ते व बुद्धिबळाच्या पैजांवर गुजराण करू लागले.

या दिवसांतील एक प्रसंग त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात नोंदवला आहे. व्हेनिसमध्ये एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या घरी पत्ते खेळताना ते हरत गेले. पत्त्यांवर खुणा केलेल्या असल्याचे लक्षात येताच त्यांनी खंजीर काढून यजमानाच्या चेहऱ्यावर वार केला, हरलेले पैसे उचलले आणि नोकरांच्या गराड्यातून वाट काढली. त्याच रात्री अंधारात ते कालव्यात पडले. ज्या नावेने त्यांना वाचवले, तिच्यात चेहऱ्याला पट्टी बांधलेला तोच यजमान बसलेला होता. त्याने त्यांना अंगावर घालायला कोरडे कपडे दिले. कार्दानो यांच्या चरित्रातील बऱ्याच गोष्टी अशाच आहेत. खऱ्या मानाव्यात की रंगवलेल्या, असा प्रश्न पडतो.

१५३१ मध्ये लुचिया बांदारिनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मिलानमधील वैद्यांच्या मंडळाने जन्माचे कारण पुढे करून त्यांना सदस्यत्व नाकारले. वैद्यकी चालेना, तेव्हा जुगाराचा आधार घेतला गेला आणि तोही फसवा ठरला. पत्नीचे दागिने आणि घरातील सामान गहाण पडले. अखेर मिलानमधील गरिबांसाठीच्या आश्रयगृहात या कुटुंबाला राहावे लागले. पुढे वडिलांच्या जागी गणिताचे अध्यापन मिळाले, रुग्णांना गुण येऊ लागला आणि १५३९ मध्ये वैद्यांच्या मंडळानेही दार उघडले.

त्याच वर्षी घनसमीकरण सोडवण्याची रीत त्यांना निक्कोलो तार्ताल्या यांच्याकडून, गुप्ततेची शपथ घेऊन, मिळाली. मात्र शिपिओने देल फेर्रो यांनी ही रीत आधीच शोधली होती, असे पुढे बोलोन्यात आढळले. तेव्हा कार्दानो यांनी ती १५४५ मध्ये 'आर्स माग्ना' या ग्रंथात दोघांच्या श्रेयासह छापली. तार्ताल्या यांनी हा विश्वासघात मानला. या वादाचा निवाडा आजही एकमुखाने होत नाही. ग्रंथाचे मोल मात्र निर्विवाद आहे. दहाचे दोन भाग असे करा की त्यांचा गुणाकार चाळीस यावा, या उदाहरणात त्यांनी ऋण संख्येच्या वर्गमुळाशी धिटाईने व्यवहार केला. ट्रकच्या खाली फिरणारा 'कार्डन शाफ्ट' आपल्याकडील चालकांनाही ठाऊक आहे. ते नाव याच कार्दानो यांच्यावरून पडले.

आता त्यांच्या जुगारावरील पुस्तकाकडे वळू. 'लिबेर दे लुदो आलेए', म्हणजे द्यूतक्रीडेचे पुस्तक, हे त्यांनी तरुणपणी लिहायला घेतले आणि १५६० नंतरच्या काळातही त्यात भर घातली. लहान लहान ३२ प्रकरणांच्या या लॅटिन पुस्तकात गणित आहे, लबाडांपासून सावध राहण्याचे उपाय आहेत आणि पश्चात्तापही आहे. चाळीसहून अधिक वर्षे बुद्धिबळावर आणि सुमारे पंचवीस वर्षे द्यूतात आपण रोज वेळ घालवला, अशी कबुली त्यांनी दिली आहे. न खेळण्यातच जुगाऱ्याचा सर्वांत मोठा लाभ आहे, असेही त्यांनी लिहून ठेवले. लिहून ठेवले, पण पाळले नाही.

फासा उघड्यावर पडतो आणि पत्ता दडून असतो, हा भेद कार्दानो यांनी नेमका हेरला होता. फाशांत केवळ मोजणी पुरते. पत्त्यांत मोजणीबरोबर समोरच्याच्या हातात काय असेल याचा तर्कही करावा लागतो. त्यांच्या काळी इटलीत 'प्रिमेरो' हा खेळ लोकप्रिय होता आणि पोकरच्या पूर्वजांत त्याची गणना होते. अठ्ठ्या, नश्श्या व दश्श्या काढून टाकलेल्या चाळीस पत्त्यांनी तो खेळत. हात चार पत्त्यांचा असे. पत्ते दोन-दोन करून वाटले जात, म्हणजे अर्धा हात पाहूनच पुढचा अंदाज बांधावा लागे.

आजच्या गणिताने पाहिल्यास प्रिमेरोत चार पत्त्यांचे ९१,३९० हात संभवतात. त्यांपैकी चारही भिन्न रंगांचे १०,०००, चारही एकाच रंगाचे ८४० आणि चारही एकाच किमतीचे अवघे दहा. खेळातील श्रेष्ठतेचा क्रम अगदी हाच होता. दुर्मीळ हात वरचढ. आपल्याकडील तीन पत्तीतही एकाच किमतीचे तीन पत्ते २२,१०० हातांत ५२ वेळाच येतात, म्हणून ते सर्वांत वर. प्रिमेरोचे पहिले दोन पत्ते एकाच रंगाचे असण्याची शक्यता १३ पैकी ३ आणि होल्डेममध्ये १७ पैकी ४. दोन्ही ठिकाणी जवळपास तेवीस टक्के. चारशेहून अधिक वर्षांनी खेळ बदलला, तरी दोन पत्ते हाती धरून बसलेल्या खेळाडूसमोरचा हिशेब फारसा बदललेला नाही.

कार्दानो यांनी पत्त्यांची गणना इतकी पुढे नेली नाही. त्यांचे खरे काम फाशांवर झाले. सर्व समान शक्यतांची एकूण संख्या प्रथम काढायची आणि अनुकूल शक्यतांची तिच्याशी तुलना करून न्याय्य पण ठरवायचा, हा त्यांचा मूळ नियम. दोन फाशांच्या ३६ आणि तीन फाशांच्या २१६ शक्यता त्यांनी मांडल्या. एक फासा सहा वेळा टाकला की विशिष्ट दान सरासरी एकदा पडते, यावरून तीन वेळा टाकल्यास ते पडण्याची शक्यता निम्मी, अर्थात २१६ पैकी १०८, असे त्यांनी आधी धरले. ही चूक आजही अनेक जण करतात. पुढच्या प्रकरणात त्यांनीच नीट मोजून २१६ पैकी ९१ हे बरोबर उत्तर दिले. आधीचे चुकीचे पान मात्र खोडले नाही.

१५५२ मध्ये स्कॉटलंडचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या दम्यावर उपचार करण्यासाठी त्यांनी एडिनबरापर्यंत प्रवास केला. अंथरुणातील पिसे काढून टाकण्याचा त्यांचा सल्ला लागू पडला आणि कीर्ती युरोपभर झाली. परतताना इंग्लंडचे किशोरवयीन राजे सहावे एडवर्ड यांची कुंडली मांडून त्यांनी दीर्घायुष्य वर्तवले. राजे पुढील वर्षीच मरण पावले. शक्यता मोजणारा हा माणूस ग्रहांवर भरवसा ठेवत होता, हे नजरेआड करता येत नाही.

घरात मात्र सुख टिकले नाही. थोरला मुलगा जांबात्तिस्ता वैद्य झाला होता. ही मुले तुमची नव्हेत, असे पत्नीने हिणवल्यावर त्याने तिला सोमल घालून मारले. पत्नीच्या माहेरच्यांशी तडजोड झाल्यास जीव वाचेल, असे न्यायाधीशांनी सांगितले. पण मागितलेली रक्कम कार्दानो यांच्या आवाक्यापलीकडची होती. १३ एप्रिल १५६० रोजी मुलाचा शिरच्छेद करण्यात आला. मिलानमध्ये राहणे अशक्य झाल्याने कार्दानो १५६२ मध्ये बोलोन्यात वैद्यकाचे प्राध्यापक झाले. धाकटा मुलगा आल्दो जुगाराच्या नादी लागून घरातच चोरी करू लागला. वडिलांनी स्वतः त्याच्याविरुद्ध तक्रार केली आणि त्याला शहरातून हद्दपार करण्यात आले. जुगाराचा वारसा बापाकडूनच आला होता, हे कार्दानो जाणून होते.

१५७० मध्ये धर्मन्यायालयाने पाखंडाच्या आरोपावरून त्यांना अटक केली. येशू ख्रिस्ताची कुंडली मांडल्याचा आक्षेप त्यांच्यावर होता. काही महिन्यांनी सुटका झाली, पण अध्यापन व ग्रंथप्रकाशनावर बंदी आली. अखेरची वर्षे त्यांनी रोममध्ये पोपकडून मिळालेल्या वेतनावर काढली, तेथेच आत्मचरित्र लिहिले आणि २१ सप्टेंबर १५७६ रोजी देह ठेवला.

द्यूतावरील पुस्तक तोवर हस्तलिखितातच होते. १६६३ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे त्यांचे समग्र लेखन दहा खंडांत निघाले, तेव्हा पहिल्या खंडात ते प्रथम छापले गेले. त्याआधी नऊ वर्षे, १६५४ मध्ये, पास्कल व फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून संभाव्यताशास्त्राचा पाया घातला गेला होता. त्यामुळे श्रेय त्यांच्या वाट्याला गेले. ऑयस्टाइन ओरे या गणितज्ञांनी १९५३ मध्ये कार्दानो यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यासोबत या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले. त्यात १०८ चे उत्तरही आहे आणि ९१ चेही.